अकरा घरांचा नकाशा

“आज बाळाराम रजेवर आहे,” गायकर मॅडम जीपमध्ये बसता बसता म्हणाल्या. “काठी तू धरायचीस.”

मी मागे वळून काठी जागेवर आहे ना ते बघितलं. सहा महिने मी त्या काठीकडे बघत होते, जत्रेतल्या पाळण्याकडे बघावं तशी.

बाळाराम म्हणजे त्यांच्या कचेरीतला मदतनीस. मॅडम भूकरमापक होत्या, जमिनीची मोजणी करायच्या. शेताच्या एका टोकाला तिपाईवर यंत्र लावायचं, त्याला डोळा लावून मॅडम उभ्या राहणार. समोर लांबवर बाळाराम लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी घेऊन फिरणार. काठीच्या डोक्यावर काचेचा प्रिझम. बाळाराम काठी टेकवील तिथे मॅडम बटण दाबणार आणि यंत्राच्या पोटात एक बिंदू पडणार. बिंदूला बिंदू जोडला की नकाशा. काठी जिथे टेकली नाही, ते नकाशात नाही. एवढं सगळं मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

त्या वर्षी आमच्या आश्रमशाळेत ‘वाटसोबत’ नावाचा उपक्रम सुरू झाला होता. नववीतल्या प्रत्येक मुलीला एक नोकरीवाली बाई वर्षभरासाठी सोबतीण म्हणून मिळायची. महिन्यातले दोन शनिवार तिच्या कामावर जायचं, बघायचं, विचारायचं आणि वहीत लिहून आणायचं. आम्ही सगळ्या कातकरी, नाहीतर ठाकूर. बाई कामाला जाते म्हणजे डोक्यावर काहीतरी घेऊन जाते, एवढीच आमची माहिती. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या तुळशीला पोस्टातली बाई मिळाली होती. ती दर खेपेला तळहातावर गोल शिक्का मारून घेऊन यायची आणि दोन दिवस त्या हाताने जेवायची नाही.

पहिल्या शनिवारी आम्ही निघालो तेव्हा अधीक्षिका कुंदाबाईंनी फाटकात उभं राहून सांगितलं होतं, “पोरींनो, नीट राहा तिथे. उवा, शेंबूड आणि ‘न्हाय-व्हय’, तिन्ही इथेच ठेवून जा.”

मी ठेवून गेले. नुसतं तेवढंच नाही, आणखीही एक गोष्ट ठेवून गेले.

गायकर मॅडमच्या कचेरीत मला चहा आला. कपाला बशी होती. बशीतून प्यायचा की कपातून, या विचारात मी असतानाच त्यांनी विचारलं, “घर कसं आहे गं तुझं?”

“कौलारू,” मी म्हटलं. “दोन खोल्या. दारात नळ.”

“छान,” मॅडम म्हणाल्या.

त्या बशीमुळेच मी खोटं बोलले, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. आमचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या, वर शेणमाती, छपराला गवत आणि गवतावर निळं प्लास्टिक. बा मी रांगत असतानाच गेला. घरात मी, आय आणि आजा. आय दिवाळीआधी कूड सारवायची तेव्हा गायची,

कारवीचा कूड माझा, वारा येतो गाळूनी
ऊन येतं घरामंदी, पायताण काढूनी

मला ते गाणं फार आवडायचं. पण कचेरीत सांगण्यासारखं ते घर नव्हतं. एकदा कौलारू म्हटलं की कौलारूच म्हणत राहावं लागतं. सहा महिन्यांत त्या घराला मी पडवी जोडली, पडवीत झोपाळा जोडला. मॅडम दर वेळी “छान” म्हणायच्या.

त्या शनिवारी जीप हायवेला लागली. माघ चालू होता, काचेतून येणारा वारा दातांना लागत होता.

“कुठे जायचंय मॅडम?”

“सर्व्हे नंबर सत्तावीस.”

जमिनीला नंबर असतो हे मला तोवर ठाऊक झालं होतं. आमच्याकडे जमिनीला नावं असायची. भुताचा माळ. खेकड्यांची खाच. आजीचं बसणं. सत्तावीस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काहीच आलं नाही.

हायवे सोडून जीप नव्या मुरमाच्या रस्त्याला वळली. रस्ता इतका नवा होता की कडेच्या झाडांवर अजून लाल धूळ ओली वाटत होती. एरवी मॅडम जीपमध्ये बसल्या की बाळारामची चेष्टा करायच्या, ड्रायव्हरच्या बायकोची चौकशी करायच्या. त्या दिवशी मांडीवरच्या फायलीच्या नाडीला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या.

“काठी सरळ धरायची,” मध्येच म्हणाल्या. “काठीवरच्या काचेतला बुडबुडा गोलाच्या मधोमध हवा. बाकी सगळं मी बघते.”

जीप थांबली. मी उडी मारून उतरले आणि समोर बघितलं.

एक ताड होता. वीज पडून डोकं उडालेला, नुसता खांब. मला वाटलं, अगदी आमच्या वाडीतल्यासारखा आहे. मग त्याच्या मागे मोठा काळा कातळ दिसला, म्हशीसारखा बसलेला. आमच्याकडेही तसाच होता, फक्त ताडाच्या डावीकडे. इथे उजवीकडे होता. क्षणभर मी डोक्यातल्या डोक्यात वाडी फिरवून बघितली. आणि ती बसली. ताड, कातळ, खालचा ओढा, ओढ्यावरची बारा घरं.

मी नेहमी ओढ्याकडून, पायवाटेने यायची. वाडीची पाठ मी कधी बघितली नव्हती.

पायात कॅनव्हासचे बूट होते, तरी खालची माती गार लागली. मी जीपच्या दाराला धरून उभी राहिले आणि ड्रायव्हर म्हणाला, “ए, दार लाव ना.” मी दार लावलं. ते नीट लागलं नाही म्हणून परत लावलं.

वाडीत माणूस नव्हतं. आमची माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परत येतात. दारं सुंभाने बांधलेली. आय आणि आजासुद्धा कर्जतकडच्या भट्टीवर गेलेले. सुट्टीतच काय ती वाडी जागी असायची, आणि मी तेव्हाच यायची.

गॉगल लावलेला एक माणूस पुढे आला. “नमस्कार मॅडम. मी शिरसाट. मालकांचा मुखत्यार. हीच जागा. एकदम मोकळी.”

“आणि ती घरं?” मॅडमनी विचारलं.

“घरं कसली? खोपटी. गुरं बांधायला कोणीतरी घातलेली. नोटीस लावली होती ना त्या ताडाला, आलं का कोणी? असतील तर येतील ना.”

“वाचता येत असेल तर येतील.”

शिरसाट हसला. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. “ही कोण?”

“माझी मदतनीस.”

“येवढीशी?”

“काठीपेक्षा थोडी लहान आहे,” मॅडम म्हणाल्या, “पण सरळ आहे.”

मी मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना काही माहीत असल्याचं तिथे काही दिसलं नाही. त्या तिपाईचे पाय उघडत होत्या.

आधी चार कोपरे झाले. ओढ्याच्या काठचा दगड, बांधाचं टोक, रस्त्याची कड, कातळामागची जुनी खूण. मी काठी टेकवायची, बुडबुडा मधोमध आणायची. लांबून मॅडमचा हात वर यायचा, की झालं. मनात एकच चाललं होतं. हे लवकर संपू दे. हद्द मोजून आपण जाऊ. वाडी वाडीच्या जागी राहील.

“झालं की मॅडम,” शिरसाट म्हणाला. “चला, जेवणाची सोय केलीय. कोलंबी आहे.”

“हद्द झाली. वहिवाट राहिली.”

“वहिवाट कुणाची काढताय? माणूस आहे का एक तरी?”

“जागेवर जे उभं आहे ते दाखवावं लागतं. नंतर तुमचेच वकील मला विचारतील.” मॅडमनी मला हाक मारली आणि मी जवळ गेल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “शेवंती, राहतं घर असेल त्याच्या चारी कोपऱ्यांना काठी लाव. सोडून दिलेलं, पडीक असेल ते वगळ. संपलं की हात वर करून गोल फिरव.”

“तिला काय कळणार कुठलं राहतं नि कुठलं पडीक?” शिरसाट म्हणाला.

“चूल असते, सारवण असतं. बाईच्या जातीला कळतं ते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. मग वळून यंत्राला डोळा लावला.

मी निघाले. पहिलं घर सोन्यामामाचं. त्याच्या दाराशी मासळी धरायची पेल, काड्यांची विणलेली, उलटी टांगलेली. मी पहिल्या कोपऱ्याला काठी टेकवली. लांबून मॅडमचा हात वर आला. दुसरा कोपरा. तिसरा. चौथा. मग रखमीचं. तिने भट्टीवर जाण्याआधीच दारापुढे सारवलं होतं, त्यावर कुत्र्याच्या पावलांची रांग वाळून गेली होती. मग ठकी म्हातारीचं, मग तिच्या दोन्ही लेकांची. मी कुणाचं नाव घेतलं नाही. कुणाला कळणार होतं, ही पोरगी इथली आहे म्हणून? मी सरकारी काठी धरलेली मुलगी होते, बूट घातलेली. चार बिंदू आणि एक घर. चार बिंदू आणि एक घर. थोड्या वेळाने भीती कुठे गेली कळलं नाही. अंगात असं काही आलं की मी घराघरांतून जवळजवळ पळत होते. आज मी स्वतः त्या यंत्राला डोळा लावते आणि दुसरं कोणी काठी धरतं, पण तो आनंद मला परत कधी झाला नाही.

शिरसाट मागून येत होता. त्याचा ड्रायव्हरही होता, हातात पाण्याची बाटली घेऊन. अकरा घरं झाली तेव्हा शिरसाटचं तोंड आंबट झालं होतं.

बारावं घर कातळाच्या पोटाशी होतं. इतरांपासून जरा बाजूला, बुटकं. निळं प्लास्टिक एका अंगाला फाटून लोंबत होतं. गेल्या पावसाने कुडाचा एक कोपरा खचला होता, त्याला आयने माडाच्या झावळीचा टेकू दिला होता. लांबून बघणाऱ्याला घर न वाटता कुणीतरी टाकलेलं ओझं वाटावं.

मी दहा पावलांवर उभी राहिले.

“आता हे पण?” शिरसाट म्हणाला. “अगं बाई, ह्याच्यात कोंबडीसुद्धा अंडं घालायची नाही. लाज वाटेल तिला.”

ड्रायव्हर खो-खो हसला. शिरसाटही हसला.

आणि मी हसले.

मोठ्याने हसले. अजून तो आवाज मला ओळखू येतो. तो माझा नव्हता, कचेरीतला होता. कौलारू घरात राहणाऱ्या, दारात नळ असलेल्या मुलीचा होता.

मग मी वळले. काठी खांद्यावर घेतली, हात वर केला आणि गोल फिरवला.

मॅडम लगेच सरळ झाल्या नाहीत. बराच वेळ त्यांचा डोळा यंत्रालाच होता. मग त्यांचा हात वर आला.

परतताना जीपमध्ये त्यांनी विचारलं, “काही राहिलं नाही ना?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की, मॅडम.”

त्यांनी फायलीची नाडी घट्ट बांधली. मी वसतिगृहावर आले आणि वहीत लिहिलं, ‘आज मी अठ्ठेचाळीस बिंदू घेतले.’ कुंदाबाईंनी त्याखाली शाबास लिहिलं.

---

मे महिना संपता संपता वाडी भरली. भट्टीवरून माणसं आली, तव्यासारखी काळी होऊन. मी सुट्टीत घरी होते. तहसीलदारांचा हुकूम घेऊन कोतवाल आला आणि ताडाखाली उभा राहून वाचू लागला. मोजणीच्या नकाशात जी घरं राहती दिसतात, त्या घरांखालची जागा त्या त्या घराच्या नावावर होणार. बाकी जमीन मालकाची, ती मोकळी करून द्यायची.

त्याने नावं वाचली. सोन्यामामाचं नाव आलं तशी त्याची बायको मटकन खालीच बसली. ठकी म्हातारीने आपलं नाव दोनदा वाचायला लावलं. आय माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. प्रत्येक नावाला तिची बोटं थोडी दाबली जायची आणि परत सैल व्हायची.

“अकरा,” कोतवाल म्हणाला आणि कागदाची घडी घातली.

“आन बुधीचं?” सोन्यामामाने आयकडे बघत विचारलं.

“यात नाही. नकाशात अकराच घरं आहेत.”

आय हसली. घाबरल्यावर ती हसायची. “राहून ग्येलं आसंल. येवढ्या गर्दीत बारकं दिसलं नसंल.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “शेवे, तुजी मॅडमच मोजाया आली व्हती म्हणतात. तू तिला वळखतेस. जा, सांग तिला, म्हणावं आमचं बी हाय.”

मी तिथे होते, हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. बाळारामने चहा आणला, तसाच, बशीसकट. मी हात लावला नाही.

“मॅडम, नकाशात एक घर राहिलंय.”

त्यांनी सत्तावीस नंबरची फाईल काढली, नकाशा टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर पंचिंग मशीन आणि डबा ठेवला. कातळाच्या खुणेपाशी पेन्सिल टेकवली. “हे ना? ते मी बघितलं होतं. बारा घरं मला यंत्रातून दिसली होती. या बाराव्यापाशी तू गेलीस, उभी राहिलीस आणि वळलीस. मी म्हटलं, सोडलेलं असेल. हिला माहीत असणार.”

“मला कसं माहीत असणार?”

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

“तुझ्या वाडीचं नाव उपक्रमाच्या फॉर्मवर होतं शेवंती. पहिल्या दिवसापासून.”

पंखा फिरत होता. टेबलावरचा नकाशा एका कडेने उठायचा आणि परत बसायचा. मी त्या कडेकडेच बघत राहिले.

“बाळारामला रजा मी दिली होती,” त्या म्हणाल्या. “मोजणीची तारीख मंगळवारची होती, ती मी शनिवारवर नेली. वाडी रिकामी असणार हे मला ठाऊक होतं. शिरसाट काय सांगणार तेही ठाऊक होतं. मला तिथलं एक माणूस हवं होतं, ज्याला कुठलं घर राहतं ते कळेल. साक्ष म्हणून तुला उभं करता आलं नसतं, तू वयाने अज्ञान. पण काठी कुणी धरायची हे मी ठरवू शकत होते.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“तू मला कौलारू घर सांगितलं होतंस. पडवी, झोपाळा.” त्यांनी चष्मा काढला आणि पदराला पुसायला घेतला. “ते माझ्या तोंडून मोडायला नको वाटलं. म्हटलं, ही न सांगता करील. आणि तू केलंस की. अकरा घरं कशी पटापट दाखवलीस. म्हणून तर बाराव्याबद्दल मी उघड काही विचारलं नाही.” मग थांबून म्हणाल्या, “ते कोणाचं आहे?”

मी नकाशाची उठलेली कड बोटाने दाबून धरली.

“आमचं.”

मॅडमच्या हातातला चष्मा तसाच राहिला. त्यांचं तोंड मी वर्षभर बघत आले होते, पण चष्म्याशिवाय कधी बघितलं नव्हतं. ते एकदम उघडं, म्हातारं दिसलं. बाळाराम दारातून आत यायला निघाला होता, तो तसाच मागे गेला.

“तिथे तुम्ही सगळे का हसलात?” त्यांनी विचारलं. “मला लांबून दिसलं होतं.”

मी सांगितलं.

त्या उठल्या, कपाटातून एक छापील अर्ज काढला आणि माझ्यासमोर ठेवला. “हरकतीचा अर्ज. तीस दिवसांत द्यावा लागतो. घर तुझ्या आईच्या नावचं, म्हणजे अर्जदार ती. पण लिहायचा तू. काय झालं ते सगळं लिही. मीसुद्धा माझ्याकडून लिहून देईन, मला जे लिहायला हवं ते.” दारापर्यंत माझ्याबरोबर आल्या. “आईला वाचून दाखव आणि मगच अंगठा घे. न वाचता घेऊ नकोस.”

त्यांनी लिहून दिलेल्या कागदापायी त्यांची बदली झाली. आमचं घर दोन पावसाळ्यांनी नकाशावर आलं. शिरसाटने तेवढ्यात दोन वकील बदलले. हे सगळं नंतरचं. मला जे सांगायचं आहे ते त्याच दुपारचं.

---

मी घरी आले तेव्हा आय चुलीपुढे कांदा चिरत होती. आजा दाराबाहेर कातळाच्या सावलीत बसून पेल विणत होता. त्याच्या दोन पायांमध्ये ओल्या काड्या पसरलेल्या.

मी उंबऱ्याशी बसले. अर्ज मी येताना एसटी थांब्यावरच लिहून काढला होता. घरी आल्यावर लिहिता येणार नाही, हे मला माहीत होतं.

“वाच,” आय म्हणाली. विळी बाजूला ठेवून हात पुसत जवळ बसली, लग्नातल्या मंगलाष्टकांना बसावं तशी.

मी वाचलं. अर्जदाराचं नाव, बुधीबाई हिलम. गाव, तालुका. आय प्रत्येकाला मान हलवत होती. मग हरकतीचं कारण आलं. मी खाली मान घालून एका दमात वाचलं, की मोजणीच्या दिवशी काठी माझ्या हातात होती, मी अकरा घरं दाखवली, आमचं दाखवलं नाही, कारण लोक त्याला हसले आणि मला लाज वाटली.

आयच्या हाताला कांद्याचा वास येत होता. तो हात तिने माझ्या पाठीवर ठेवला नाही आणि काढूनही घेतला नाही, मध्येच कुठेतरी राहिला. आजाची काड्या वाकवण्याची करकर चालूच होती.

“म्होरं वाच,” आय म्हणाली.

पुढे छापील प्रश्न होते. घरात चूल आहे का? होय. घर किती वर्षांपासून आहे? आयने सकाळी निघतानाच बोटं मोजून सांगितलं होतं, सतरा. मी वाचत गेले.

“मोजणीच्या दिवशी घरात कोणी हजर होतं का? नाही.”

करकर थांबली.

“न्हाय कसं?” आजा म्हणाला. “मी व्हतो की.”

मी वर बघितलं. तो पेल पायाने धरून बसला होता, नजर काडीवर.

“तू भट्टीवर होतास,” मी म्हटलं.

“पुसात मुकादमानं माघारी धाडला त्याला,” आय म्हणाली. “पाय सुजला व्हता, काम व्हईना. तू हास्टेलात, तुला कोन सांगनार?”

“येकलाच व्हतो,” आजा म्हणाला. “जीप वाजली तशी आत घुसलो. मला वाटलं, फारेस्टवाले. मंग कुडाच्या फटीतून बघतो तं तू. हातात काठी, पायात बूट.” त्याने हातानेच माझी उंची दाखवली, आहे त्याहून बरीच जास्त. “दाराशी आलीस. हितं, हितं उभी व्हतीस.”

आय त्याच्याकडे बघत राहिली. हे तिलाही नवीन होतं.

“मग हाक का नाही मारलीस?” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत विचारलं. “आजा, हाक का नाही मारलीस?”

“आता गो. मी लंगोटीवर. तुजी मॅडम तिथं, गागलवाला सायब तिथं. त्यांच्यापुढं मी भाईर निघून काय म्हनू, ही माजी नात?” त्याने काडी दातात धरून ओढली, गाठ बसवली. “तसाच दम धरून बसलो. आन तू हसत व्हतीस. मोठ्यांदी. येवढी हसताना तुला मी कवा बघितली न्हाय. म्हंटलं, पोर सुखात हाय. कशाला हाक मारू?”

आयने पदर तोंडाला लावला.

“लिव आता,” आजा म्हणाला. “व्हतो म्हनून लिव.”

मी ‘नाही’ खोडलं. त्याच्यापुढे ‘होय’ लिहायला पेन टेकवलं, आणि कागदावर नुसता एक निळा ठिपका मोठा होत गेला.